कॅन्सरनंतरचे शरीरसंबंध : दाराशी थांबून विचारलेले प्रश्न

कॅन्सरच्या रुग्णालयात मी समुपदेशक म्हणून काम करते. बायका मला ताई म्हणतात, काही सिस्टर म्हणतात. या पानावरचे बहुतेक प्रश्न मला खुर्चीत बसून कुणी विचारलेले नाहीत. गोळ्या समजून घेतल्या, पुढची तारीख लिहून झाली, फाईल पिशवीत गेली, बाई दारापर्यंत पोचली आणि मग कडीवर हात ठेवून, अर्धवट वळून म्हणाली, "ताई, घरी बाकी सगळं चालतं ना?" या 'बाकी सगळं'चा अर्थ तिलाही माहीत असतो आणि मलाही. दही चालतं का, जिना चढू का, धुणं धुऊ का, हे सगळं बसून विचारता येतं. हे तेवढं उभ्यानं.

प्रश्न जसे कानावर आले तसेच ठेवले आहेत. उत्तरं सगळ्यांना लागू पडतील अशी दिली आहेत. तुमचं ऑपरेशन कुठवर झालं, लाईट (म्हणजे किरणांचे उपचार, रेडिएशन) किती दिली, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असतं, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

घरी 'बाकी सगळं' कधीपासून चालेल?

स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर जखमेतली नळी निघाली, टाके भरले, हात वर जायला लागला की चालतं. बहुतेकींना महिनाभर लागतो. गर्भाची पिशवी काढली असेल तर सहा ते आठ आठवडे थांबायचं. पोटावरचे टाके भरलेले दिसले तरी योनीच्या वरच्या टोकाला आतून शिवण असते. डॉक्टरांनी तपासून ती भरली असं सांगेपर्यंत तिच्यावर दाब नको. ओटीपोटाला लाईट दिली असेल तर शेवटच्या दिवसानंतर साधारण महिनाभर, आतली आग आणि सूज उतरेपर्यंत थांबा.

यावर मी दरवेळी उलट एक विचारते: हे तुम्हाला स्वतःला जाणून घ्यायचंय, की घरून विचारून यायला सांगितलंय? इतक्या वर्षांत "मला हवंसं वाटतंय, म्हणून विचारते" असं म्हणणाऱ्या बायका मी बोटांवर मोजू शकते. डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे त्या दिवसापासून चालेल, एवढंच. त्या रात्रीच झालं पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

केमो चालू असताना जवळ आलं तर?

तब्येत साथ देत असेल तर हरकत नाही, पण प्रत्येक डोसनंतर निदान तीन दिवस निरोध वापरा, कारण औषधाचा थोडा अंश अंगातल्या स्रावांमधून बाहेर पडत असतो. शिवाय या काळात दिवस राहता कामा नयेत, म्हणून खरं तर पूर्ण केमोभर निरोध हवाच. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील, प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील, तोंडात किंवा खाली फोड आले असतील तर संबंध नकोत. कुशीत झोपायला, हात धरायला, डोक्याला तेल लावून घ्यायला कसलंच बंधन नाही. केस गेलेल्या डोक्याला नवऱ्यानं तेल लावलं, हे सांगताना एक वहिनी जेवढ्या लाजल्या तेवढं मी नव्या नवरीलाही लाजताना पाहिलेलं नाही.

माझा कॅन्सर नवऱ्याला लागेल का? लाईट अंगात राहते म्हणतात.

कॅन्सर लागत नाही. संबंधातून नाही, चुंबनातून नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही. बाहेरून दिलेली लाईट मशीन बंद झालं की संपते. आतून देतात त्या लाईटमध्ये नळीवाटे एक बारीकसा किरणांचा स्रोत आत जातो आणि काही मिनिटांत परत मशीनमध्ये येतो. तुमच्या अंगात काही उरत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणं सोडणाऱ्या आयोडीनचा डोस पितात, तिथे मात्र काही दिवस खरोखर अंतर ठेवायचं असतं, आणि किती दिवस ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून देतात.

बाकी सगळ्यांसाठी वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळं अंथरूण यांतलं काहीही लागत नाही. घरात कुणी ते सुरू केलं असेल तर फॉलोअपला त्यांना सोबत आणा. आम्ही त्यांच्यादेखत सांगतो, तुम्ही सांगायची गरज नाही.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर 'तसल्या' बायकांना होतो म्हणतात. सासूबाई मला तसं बोलल्या.

पिशवीच्या तोंडाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हेराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं हे दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हा विषाणू संबंधातून येतो, इतकं खरं. पण तो इतका सर्रास असतो की ज्यांचा कधी ना कधी संबंध आला आहे अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात एकदा तरी तो होऊन जातो. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत तो घालवून टाकतं. काहींच्यात तो ठाण मांडून बसतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

म्हणजे आज पंचेचाळिशीत तुम्हाला झालेल्या आजाराचं मूळ लग्नाच्या पहिल्या रात्रीत असू शकतं. आयुष्यात एकच पुरुष असलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो; माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक बायका त्याच असतात. तो कुणाकडून आला हे सांगणारी तपासणी नाही, आणि नवऱ्यात तो आहे का हे बघायचीही नेहमीची तपासणी नाही. त्यामुळे उलटा आरोप करूनही हाती काही लागत नाही. सासूबाई बोलल्या त्यात विज्ञान नव्हतं. त्यांची भीती होती असं मी म्हणेन, पण बोललं ते लागतंच.

हीच ऊर्जा घरातल्या दुसऱ्या बायकांवर लावा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. तिशी ते साठीच्या दरम्यान एकदाच एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जावेला, नणंदेला तपासणीला पाठवा. मुलीला ९ ते १४ या वयात लस द्या. सर्व्हाव्हॅक ही लस आपल्या पुण्यातच बनते.

लाईट झाल्यापासून आत जागाच उरली नाही. भिंत लागल्यासारखं होतं.

हे ऐकून घ्यायला बायका पाच-पाच वर्षं थांबलेल्या असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लाईटमुळे योनीच्या आतल्या नाजूक अस्तराला भाजल्यासारखी इजा होते. ते बरं होताना व्रण धरतो, भिंती एकमेकींना चिकटायला बघतात, लवचिकपणा जातो, मार्ग अरुंद आणि आखूड होतो. हे पहिल्या वर्षभरात सगळ्यात जोरात चालतं. यात तुमच्या मनाचा दोष नाही आणि नवऱ्याच्या घाईचाही नाही. भाजलेल्या हाताची बोटं आखडू नयेत म्हणून व्यायाम करतात, तसंच हे.

त्या व्यायामासाठी डायलेटर मिळतो. गुळगुळीत प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची नळकांडी, करंगळीएवढ्या जाडीपासून चढत्या मापाची. लाईट संपल्यावर साधारण महिन्याभरात, डॉक्टरांनी तपासल्यावर सुरू करायचं. उताणं झोपून गुडघे वर घ्या, पाण्यात विरघळणारं जेल भरपूर लावा, सगळ्यात लहान माप घ्या आणि श्वास सोडत हळूहळू आत सरकवा. दाब जाणवला की थांबा. कळ आली तर थोडं मागे घ्या. हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, पाच-दहा मिनिटं ठेवा. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. नंतर जेलवर गुलाबीसर डाग दिसला तर घाबरू नका. निदान दोन-तीन वर्षं सोडू नका. डायलेटर परवडत नसेल तर स्वच्छ हातमोजा घालून, जेल लावून बोटानंही हे करता येतं. नर्सकडून एकदा शिकून घ्या.

"मला आता संबंध नकोच आहेत, मग कशाला?" असं विचारणाऱ्या मावशींना माझं उत्तर ठरलेलं आहे: डॉक्टरांसाठी. मार्ग बंद झाला तर फॉलोअपला आतलं काही दिसत नाही, आणि आजार परतला तर तो तिथूनच पकडायचा असतो. एवढं सांगितलं की बायकांच्या मनावरचं ओझं उतरतं, कारण डायलेटर 'उपचाराच्या' खात्यात जातो. मला हे थोडं खटकतंही. स्वतःसाठी हवं म्हणायला आपल्याकडे अजून डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

ठेवायचा कुठे हाही खराच प्रश्न आहे. धुऊन, पुसून, कापडी पिशवीत घालायचा. एका ताईंनी तो शिवणाच्या डब्यात ठेवला, बॉबिन आणि हुकांच्या खाली; त्या डब्याला घरात दुसरं कुणी हात लावत नाही.

आत कोरडं पडतं, सुरी फिरल्यासारखं होतं. खोबरेल तेल चालेल का?

आधी कोरडं का पडतं ते. ओटीपोटाला लाईट बसली किंवा बीजकोश काढले की पाळी एका झटक्यात जाते, मग वय ३२ असो की ४८. केमोनंही बऱ्याचजणींची पाळी जाते. स्तनाच्या कॅन्सरच्या गोळ्यांमध्ये लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल घेणाऱ्यांना कोरडेपणा जास्त सतावतो. टॅमॉक्सिफेनमध्ये गरम वाफा येतात आणि काहींच्या अंगावरून पाण्यासारखं जातं.

उपाय दोन वेगळे आहेत आणि गल्लत इथेच होते. संबंधाच्या वेळी लावायचं ते वंगणाचं जेल. रोजच्या कोरडेपणासाठी योनीत सोडायचं ते मॉइश्चरायझर, ते आठवड्यातून तीनदा तरी, संबंध असोत नसोत. चेहऱ्याला क्रीम लावतो तसंच. जेल थेंबभर लावून भागत नाही. दोघांनाही लावा, मध्येच परत लावा. दोन्ही औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. दुकानदार ओळखीचा असेल तर पुढच्या चौकातल्या दुकानात जा. मीही तेच करते.

खोबरेल तेल पुष्कळजणींना सोसतं. मात्र त्यानं निरोधाचं रबर कमजोर होऊन फाटतं, तेव्हा निरोध आणि तेल एकत्र नको. सुगंधी तेलं, व्हॅसलिन, 'खास स्त्रियांसाठी' म्हणून विकले जाणारे साबण आत लावू नका.

एवढ्यानंही भागलं नाही तर इस्ट्रोजेनची योनीत लावायची क्रीम असते. पिशवीच्या तोंडाच्या बहुतेक कॅन्सरनंतर ती वापरता येते. स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती आणू नका, आणि शतावरीची चूर्णं, हार्मोन 'वाढवणाऱ्या' गोळ्याही नकोत. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून तर मुळीच नको.

पिशवी काढली, आता मी बाई म्हणून संपले का?

पिशवी म्हणजे मूल वाढायची जागा. शरीराला सुख देणारा मुख्य अवयव बाहेरच्या बाजूला आहे, मूत्रमार्गाच्या वर: क्लिटोरिस, आरोग्याच्या मराठी पुस्तकांत शिश्निका म्हणतात तो. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये त्याला कुणी हात लावत नाही. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये योनीचा वरचा थोडा भागही काढतात, त्यामुळे ती आखूड होते आणि खोलवर दुखू शकतं. बाईनं वर असणं किंवा दोघांनी कुशीवर असणं, म्हणजे किती खोल ते बाईच्या हातात राहतं. तसं केलं की बहुतेकींचं भागतं. नुसती पिशवी गेली आणि बीजकोश राहिले तर कोरडेपणाही लगेच येत नाही.

जाता जाता एक. 'काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' या धाकावर बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्यांसमोर आलं: पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून जास्त. अंगावरून पांढरं जाणं हा कॅन्सर नाही. आधी तपासणी करा. ऑपरेशनचं नंतर बघू.

स्तन काढल्यापासून मी त्यांच्यासमोर कपडे बदलत नाही. दिवा आधी मालवते.

दिवा मालवून चालतं. ब्लाउज किंवा परकर अंगावर ठेवूनही चालतं. 'लाज सोडा' असं सांगणाऱ्यांना मी म्हणते, त्या व्रणासमोर आधी स्वतः उभ्या राहून बघा.

आरशासमोर पहिल्यांदा तुम्ही एकट्या उभ्या राहा. पुष्कळ बायकांनी आंघोळीतही महिनोन्महिने खाली पाहिलेलं नसतं. आधी हातानं व्रण चाचपा, तेल लावा. कुठे बधिर आहे, कुठे मुंग्या येतात, कुठे हात लागलेला चालत नाही, हे तुम्हालाच माहीत नसेल तर दुसऱ्याला काय सांगणार? काढलेल्या बाजूला, काखेत आणि दंडाच्या आतल्या अंगाला संवेदना कमी होते. काहींना निघून गेलेल्या स्तनाग्राला खाज सुटल्यासारखंही वाटतं. हा भास नाही, कापलेल्या नसांचं ते बोलणं आहे. मग एक दिवस नवऱ्याचा हात धरून तुम्हीच तिथे ठेवा, अंधारात का होईना. बघण्याआधी स्पर्श झाला की बघणं सोपं जातं.

ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज येत असेल तर त्यावर भार नको. खाली उशी घ्या, आणि नवरा त्या बाजूला नको. आणि उरलेला स्तन विसरू नका. तो आहे, आणि त्याला सगळं कळतं.

सिलिकॉनचा स्तन किंवा कापडी भरणी ही ब्लाउज नीट बसावा आणि खांदे एका बाजूला झुकू नयेत म्हणून असते. रात्री ती काढून ठेवायची की नाही हे कुणी दुसऱ्यानं ठरवायचं नाही.

इच्छाच होत नाही. नाही म्हटलं तर ते बाहेर जातील अशी भीती वाटते.

थकवा, रक्त कमी, झोप नाही, पाळी अचानक गेलेली, मनात 'परत आला तर'. यात इच्छा कुठून यावी? उदासीवरच्या काही गोळ्यांनीही ती कमी होते. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते. पुरुषांसारखी एक गोळी घेतली आणि झालं, असं औषध आपल्यासाठी नाही.

पण एक समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच बायकांना इच्छा आधी आणि स्पर्श नंतर असं होतच नाही. निवांत स्पर्श मिळाला, घाई नसली, पुढे काय होणार याचं दडपण नसलं, की इच्छा मागाहून येते. म्हणून काही जोडप्यांना मी महिनाभर 'ते' करायचंच नाही असं सांगते. पाठ चोळा, पाय दाबा, शेजारी पडून राहा, हात कुठेही जाऊ दे, पण आत काही नाही. बंदी आहे म्हटल्यावर बाईचं अंग सैल पडतं. दहापैकी किती जोडपी नियम पाळतात ते मी विचारत नाही.

नाही म्हणायला आजारपण हे कारण लागत नाही. दुखत असताना जबरदस्ती झाली, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचार धरलेला आहे, नवऱ्यानं केला तरी. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. 'कॅन्सर झाला म्हणून सोडचिठ्ठी देईन' ही धमकीही पोकळ आहे, कारण हिंदू विवाह कायद्यातल्या घटस्फोटाच्या कारणांमध्ये कॅन्सर नाही. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोऱ्या कागदावर सही करू नका. हे वाक्य इथे विचित्र वाटेल, पण मला ते वारंवार सांगावं लागतं.

माझं उलटं आहे. मला चालेल, पण तेच जवळ येत नाहीत. किळस येत असेल का?

असेलही. पण नवऱ्यांशी मी वेगळी बोलते तेव्हा बहुतेकदा ऐकू येतं ते असं: "मॅडम, ती एवढं भोगून आलीय, आता मी आणि कशाला त्रास देऊ?" तो भिऊन लांब झोपतो, ती ते लांब झोपणं म्हणजे किळस समजते, आणि दोघांच्या मध्ये सासूबाई किंवा मुलगी झोपायला येते, 'आजारी माणसाला सोबत' म्हणून. औषधोपचार संपून वर्ष झालं तरी ती सोबत हलत नाही. दोन खोल्यांच्या घरात अंथरूण परत जागेवर आणायचं म्हणजे सगळ्या घरासमोर जाहीर करण्यासारखं असतं. त्याचा एक उपाय एका काकांनी काढला. फॉलोअपच्या आदल्या रात्री मुंबईत लॉजवर राहायचं, सकाळच्या नंबरासाठी. नंबर दुपारचा होता.

पहिलं वाक्य तुम्ही बोला. 'मला चालेल' एवढंच. आणि दुखलं तर मी सांगेन, तेव्हा थांबायचं, हेही आधीच ठरवून टाका. तो थांबेल हे दोघांनाही माहीत असलं की हात मोकळे होतात.

माझं वय ६१, मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मी विचारणं बरं दिसतं का?

दिसतं. शरीर तुमचं आहे, आणि त्याला सातबाऱ्यावर नाव लावायला कुणी लागत नाही. एकटीनं स्वतःला हात लावून सुख घेणं यात कसला आजार नाही, कॅन्सर परत येत नाही, अशक्तपणा येत नाही. पुन्हा कुणी सोबती मिळाला तरी वरची सगळी उत्तरं तुम्हालाही तशीच लागू. जोडीदार बाई असेल तरीही. फक्त आम्ही फॉर्मवर 'पतीचे नाव' एवढीच ओळ छापतो, त्याबद्दल माफी.

मुलीचं लग्न व्हायचंय. स्थळाला सांगायचं का? मूल होईल का?

सांगायचं. कधी आणि किती, ते मुलीनं ठरवायचं, मध्यस्थांनी नाही. पत्रिकेसोबत वाटायची ही गोष्ट नाही, पण साखरपुड्याच्या आधी, मुलानं आणि मुलीनं एकटं बसून हे बोललेलं असावं. लपवून केलेल्या लग्नात तिला आयुष्यभर व्रण झाकत बसावं लागतं.

मुलाचं म्हणाल तर हा प्रश्न उपचारांच्या आधी विचारायचा असतो. केमोआधी बीजं काढून गोठवून ठेवता येतात, अविवाहित मुलीचीही. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं २१ ते ५० वयाच्या एकट्या स्त्रीला हे उपचार घेता येतात. ओटीपोटाला लाईट देणार असतील तर काही वेळा बीजकोश वर सरकवून वाचवता येतात, पण लाईट बसलेल्या पिशवीत मूल वाढणं अवघड असतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आशा जास्त आहे. दीड ते अडीच वर्षं टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या घेऊन मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत खंड घेतलेल्या तरुण बायकांवरचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२३ मध्ये छापला गेला. त्यांच्यात सुरुवातीच्या काही वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. खंड मात्र डॉक्टरांनी सांगूनच.

आणि पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं समजू नका. टॅमॉक्सिफेनवर असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना माला-डीसारख्या गोळ्या चालत नाहीत. तांबी किंवा निरोध वापरा.

पोटावर शौचाची पिशवी आहे. तशात जवळ कसं येणार?

आधी पिशवी रिकामी करा, कडा नीट चिकटल्यात ना बघा, वरून सुती पट्टा बांधा किंवा परकर वर ओढून घ्या. दोन-तीन तास आधी जड, वायू करणारं खाणं टाळा. कुशीवर असलं की तिच्यावर भार येत नाही. स्टोमाच्या, म्हणजे शौचासाठी पोटावर केलेल्या वाटेच्या, तोंडात काहीही घालायचं नाही. आवाज झालाच तर हसा. पोटाला आवाज आधीही येतच होते.

संबंधानंतर रक्त दिसलं. परत आला का?

लाईटनंतर पहिले काही महिने, किंवा बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा जवळ आल्यावर, थोडा डाग पडतो. संबंधामुळे कॅन्सर परत येत नाही. पण रक्त पॅड भिजेल इतकं असेल, दरवेळी येत असेल, वास मारणारं पाणी जात असेल, कंबरेत किंवा पायात नवीन दुखणं असेल, लघवी-शौचाची वाट बदलल्यासारखी वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लगेच या.

डॉक्टर पुरुष आहेत, पाच मिनिटं मिळतात, बाहेर रांग असते. विचारू कसं?

केसपेपरच्या मागे घरूनच लिहून आणा. "लाईटनंतर संबंधाच्या वेळी दुखतं. तपासाल का?" बास. एवढं वाचायला डॉक्टरांना दहा सेकंद लागतात. बोलायचंच झालं तर 'खाली आत दुखतं' असं सुरू करा. 'जरा त्रास आहे' म्हणालात तर पोटाची गोळी मिळेल. नर्सला किंवा आमच्यासारख्या ताईला आधी सांगितलं तरी चालतं. आणि डॉक्टरांनी विषय झटकला तर दुसऱ्यांना विचारा. सगळे झटकत नाहीत. काही नुसते तुम्ही सुरुवात करायची वाट बघत असतात, हेही मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

मराठीत हे विचारणं नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून आपल्या मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरं छापत होते. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. विचारणाऱ्याला मात्र काही झालं नाही. तुम्हालाही होणार नाही.

हे पान नवऱ्याला वाचायला देऊ का?

द्या. हातात देववत नसेल तर मोबाइल उघडा ठेवून चहा करायला जा. सगळं एकदम नको. आधी जेलचा प्रश्न दाखवा, कारण ते आणायला दुकानात त्यांनाच पाठवायचंय.